वळण केसांचे, पकड जेलची

कुरळ्या केसांची निगा राखण्याच्या आजच्या पद्धतींत 'स्ट्राँग होल्ड' म्हणून विकल्या जाणाऱ्या, म्हणजे घट्ट पकड देणाऱ्या जेलला मोठे महत्त्व आले आहे. भारतात हे द्रव्य अनेक वर्षे प्रामुख्याने पुरुषांच्या आखूड केसांसाठी ओळखले जात होते आणि केस चापूनचोपून बसवणे किंवा ते कपाळावर उभे ठेवणे एवढेच त्याचे काम मानले जात असे. आता मात्र खांद्यावर रुळणाऱ्या कुरळ्या केसांच्या बटा सुट्या, ठसठशीत आणि टिकाऊ दिसाव्यात यासाठी स्त्रिया आणि पुरुष दोघेही ते वापरू लागले आहेत. वरवर पाहता यात विसंगती आहे, कारण ज्यांना मऊ आणि हलते केस हवे असतात तेच केस कडक करणाऱ्या द्रव्याची निवड करतात. ही विसंगती उलगडायची तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते: जेल केसांना कुरळेपणा देत नाही, तर ओल्या केसांत आपोआप पडलेले वळण केस वाळेपर्यंत मोडू देत नाही. त्यामुळे जेल कोणत्या कंपनीचे आहे यापेक्षा ते किती ओल्या केसांवर, कोणत्या हवेत आणि कोणत्या क्रमाने लावले जाते यावरच त्याचे यश बहुतांशी अवलंबून असते.

केस कुरळा का होतो

माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे ५० ते १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या भागाइतकी असते. एवढ्याशा जाडीतही त्याची रचना थरांची असते. सर्वांत बाहेर क्यूटिकल नावाचे आवरण असते, ज्यात कौलांसारखे एकमेकांवर चढलेले चपटे खवले असतात. त्याच्या आत कॉर्टेक्स हा मुख्य गाभा असतो, आणि केसाचे बळ, लवचीकपणा व रंग या तिन्ही गोष्टी या गाभ्यातच असतात. हा गाभा केराटिन या प्रथिनाच्या लांबट साखळ्यांनी बनलेला असतो.

केस सरळ निघणार की कुरळा, हे मुख्यतः त्वचेखालील रोमकूपाच्या, म्हणजे केस जिथून उगवतो त्या पिशवीसारख्या पोकळीच्या घडणीवरून ठरते. सरळ केसाचा रोमकूप सरळ असतो आणि केसाचा आडवा छेद गोलाकडे झुकणारा असतो. कुरळ्या केसाचा रोमकूप वाकलेला असतो, त्यातील पेशींची वाढ दोन्ही अंगांना सारखी होत नाही आणि त्यामुळे बाहेर पडणारा केस चपटा, लंबवर्तुळाकार छेदाचा आणि स्वतःभोवती वळत जाणारा होतो. ही घडण आनुवंशिक असल्याने कोणतेही तेल, मलम किंवा जेल ती बदलू शकत नाही.

या वळणांमुळे कुरळ्या केसांचे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला असा की टाळूतून स्रवणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते, परंतु वळणावळणाच्या केसावर ते टोकापर्यंत पोहोचत नाही, म्हणून कुरळे केस मुळाशी तेलकट असले तरी टोकांना कोरडे राहतात. दुसरा असा की शेजारशेजारचे केस एकाच लयीत वळले तर त्यांची मिळून एक रेखीव बट तयार होते, पण प्रत्येक केस स्वतंत्र दिशेने वळला तर बटांऐवजी पिंजारलेल्या केसांचा भारा दिसतो. इंग्रजीतून आलेला 'फ्रिझ' हा शब्द आजकाल याच पिंजारलेपणासाठी वापरला जातो.

पाण्याचे काम

केराटिनच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवणारे बंध अनेक प्रकारचे असतात आणि केशरचनेच्या दृष्टीने त्यांतील दोन महत्त्वाचे ठरतात. डायसल्फाइड बंध हे गंधकाच्या दोन अणूंमधील पक्के बंध असून ते साध्या पाण्याने तुटत नाहीत; केस कायमचे कुरळे किंवा कायमचे सरळ करणारी रसायने याच बंधांवर काम करतात. मूळचे जर्मन असलेले केशतज्ज्ञ कार्ल नेस्लर यांनी १९०६ साली लंडनमध्ये उष्णता आणि रसायने यांच्या साहाय्याने केसांना टिकाऊ कुरळेपणा देण्याचे जे प्रात्यक्षिक केले, तिथून या रासायनिक प्रक्रियांचा आधुनिक इतिहास सुरू होतो. दुसरे हायड्रोजन बंध. ते एकेकटे दुबळे असले तरी संख्येने प्रचंड असतात, पाणी लागताच मोकळे होतात आणि पाणी उडून गेले की त्या क्षणी केस ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. रात्री ओल्या केसांची वेणी घालून झोपले की सकाळी सरळ केसांतही लाटा दिसतात आणि डोक्यावरून पाणी घेताच त्या नाहीशा होतात, यामागे हेच कारण आहे.

पूर्ण भिजलेला केस आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषून घेतो आणि त्याची जाडी सुमारे १५ टक्क्यांनी वाढते. हवेतील बाष्पही केसात शिरते आणि त्यानुसार केसाची लांबी बदलते. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी या गुणधर्माचा उपयोग करून माणसाच्या केसाचा आर्द्रतामापक तयार केला आणि १७८३ साली त्याविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेलकटपणा काढून टाकलेला केस ताणून बांधायचा आणि तो लांबला किंवा आखडला की काटा सरकायचा, अशी ही योजना होती. कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत गेल्यावर केसाची लांबी सुमारे दोन ते अडीच टक्क्यांनी वाढते आणि हा बदल इतका भरवशाचा असतो की केसावर चालणारे आर्द्रतामापक पुढे दीर्घकाळ हवामानाच्या नोंदींसाठी वापरले गेले.

जो गुणधर्म शास्त्रज्ञाला उपयोगी पडला, तोच कुरळ्या केसांच्या माणसाला त्रासाचा ठरतो. न्हाल्यानंतर केस चिंब असतात तेव्हा पाण्याच्या पृष्ठताणामुळे शेजारचे केस एकमेकांना चिकटून सुंदर बटा तयार होतात. मात्र पाणी उडू लागले की त्यांना एकत्र धरणारे काही उरत नाही, केस एकेक करून सुटतात, हवेतील बाष्प प्रत्येकात कमीअधिक शिरते आणि तासाभरापूर्वीची रेखीव बट विस्कटते. म्हणजे आदर्श आकार केसांत असतोच, पण तो ओलेपणापुरता टिकतो. पाणी निघून गेल्यावर त्याची जागा घेऊन केसांना एकत्र धरून ठेवील असे काहीतरी हवे असते आणि जेलचे प्रयोजन नेमके हेच आहे.

बाटलीतले द्रव्य

जेल म्हणजे बहुतांशी पाणीच असते. त्या पाण्याला दाटपणा देणारे एक, वाळल्यावर केसांवर पापुद्रा धरणारे दुसरे, ओलावा राखणारे तिसरे आणि बुरशी व जिवाणूंपासून रक्षण करणारे चौथे, असे घटक त्यात मिसळलेले असतात. यांपैकी पहिले दोन घटक बहुवारिके, म्हणजे पॉलिमर असतात. एकाच प्रकारचे छोटे रेणू हजारोंच्या संख्येने जोडले जाऊन बनलेल्या लांब साखळ्यांना हे नाव आहे.

दाटपणा देण्यासाठी अनेक पारदर्शक जेलमध्ये कार्बोमर वापरतात. अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच या कंपनीने १९५०च्या दशकात बाजारात आणलेली ही पांढरी भुकटी पाण्यात टाकून तिचा आम्लपणा अल्कलीने शमवला की तिच्या साखळ्यांवर ऋणभार येतो, सारखे भार एकमेकांना दूर लोटतात आणि गुंडाळलेल्या साखळ्या उलगडून पाणी अडवून धरतात. त्यामुळे १०० ग्रॅम पाण्यात एक ग्रॅमहून कमी भुकटीही घट्टसर जेल तयार करण्यास पुरते. करोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेल्या हात निर्जंतुक करण्याच्या अनेक जेलमध्येही हाच घटक होता. हे जाळे किती नाजूक असते, याची परीक्षा घरीही घेता येते: असे जेल तळहातावर घेऊन त्यावर चिमूटभर मीठ टाकले आणि बोटाने फिरवले की पाहतापाहता त्याचे पाणी होते, कारण मिठातील धनभार साखळ्यांवरील ऋणभार झाकून टाकतात, एकमेकींना दूर लोटणे थांबते आणि अडवलेले पाणी सुटते. मीठ टाकूनही जेल जसेच्या तसे राहिले, तर त्याचा दाटपणा दुसऱ्या एखाद्या घटकामुळे आला आहे असा अंदाज करता येतो.

तथापि जेलचा दाटपणा आणि त्याची पकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ग्राहकांची पहिली गल्लत इथेच होते. बाटलीतले जेल कितीही घट्ट दिसले तरी पाणी उडून गेल्यावर मागे काय उरते यावरच पकड ठरते, आणि मागे उरणारे द्रव्य म्हणजे पापुद्रा धरणारे बहुवारिक होय. या गटातील सर्वपरिचित द्रव्य पॉलिव्हिनाइलपायरोलिडोन असून लेबलवर ते 'पीव्हीपी' असे लिहिलेले असते. जर्मनीतील आय. जी. फार्बेन या उद्योगसमूहातील रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर रेप्पे यांनी त्याचा शोध लावला, १९३९ साली त्याचे पेटंट नोंदले गेले आणि दुसऱ्या महायुद्धात जखमींच्या रक्तद्रवाला पर्याय म्हणून ते वापरले गेले. जखमेवर लावायच्या तपकिरी पोव्हिडोन-आयोडीनमधील 'पोव्हिडोन' म्हणजे हेच द्रव्य आणि औषधाच्या गोळ्या बांधण्यासाठीही ते वापरतात. केसांवर वाळल्यावर त्याचा काचेसारखा पारदर्शक आणि कडक पापुद्रा होतो. मात्र ते हवेतले पाणी सहज ओढून घेत असल्याने दमट हवेत हा पापुद्रा मऊ आणि चिकट होतो. हा दोष कमी करण्यासाठी त्याची व्हिनाइल ॲसिटेटशी जोड दिली जाते किंवा ॲक्रिलेट गटातील बाष्पाला अधिक दाद न देणारी बहुवारिके वापरली जातात. धनभार असलेली पॉलिक्वाटर्नियम गटातील बहुवारिके केसांना चिकटून राहतात आणि पकडीबरोबर थोडा मऊपणाही देतात.

वाळलेल्या जेलचे वर्तन समजून घ्यायला सुती साडीला दिलेल्या खळीइतके चपखल उदाहरण दुसरे नाही. खळीतला स्टार्च हेही बहुवारिकच. पाण्यातून धाग्यांमध्ये शिरून ते वाळते, साडीला ताठपणा येतो, आणि कडक साडी हाताने चोळली की ताठपणाचा कडकडीतपणा जातो पण अंग धरून ठेवण्याचा गुण उरतो. केसांवरचे जेल नेमके असेच वागते आणि पुढे येणारी सारी कृती याच गुणावर बेतलेली आहे.

पकड मोजण्याची रीत

बाटल्यांवर 'एक्स्ट्रा होल्ड', 'मॅक्स होल्ड' किंवा दहापैकी अमुक अंक असे जे लिहिलेले असते, त्याला सर्व कंपन्यांना बांधून घेणारे एकच प्रमाण नसते. तो आकडा त्या कंपनीच्या इतर उत्पादनांशी तुलना करण्यापुरताच उपयोगी असतो. प्रयोगशाळेत मात्र पकडीची परीक्षा शिस्तीने घेतली जाते. ठरावीक वजनाच्या केसांच्या जुडीला जेल लावून ती नळीवर गुंडाळतात, वाळवतात आणि मग दमट हवेच्या कपाटात टांगून ती कालांतराने किती सुटत जाते ते मोजतात. समजा, जुडीची पूर्ण ताणलेली लांबी १५ सेंटिमीटर आणि गुंडाळून वाळल्यावरची लांबी ५ सेंटिमीटर आहे. काही तासांनी ती ७ सेंटिमीटर झाली, तर १० सेंटिमीटरच्या आखडण्यापैकी ८ सेंटिमीटर शिल्लक आहे, म्हणजे वळण ८० टक्के टिकले असे मानतात. या परीक्षेत मोजला जातो तो कडकपणा नसून दमट हवेतला टिकाव असतो, ही बाब लक्षणीय आहे. जेल निवडणाऱ्यानेही कसोटी हीच लावायला हवी.

राळेपासून 'वॉश अँड गो'पर्यंत

केस धरून ठेवण्याची हौस प्राचीन आहे. आयर्लंडमधील मीथ परगण्यात क्लोनिकॅव्हन येथे २००३ साली दलदलीच्या मातीत सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाचा देह सापडला, तेव्हा त्याच्या डोक्यावर उंच बसवलेल्या केसांत वनस्पतिजन्य तेल आणि पाइन वृक्षाची राळ यांचे मिश्रण आढळले. ही राळ फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातून किंवा स्पेनच्या उत्तर भागातून आलेली असावी असे अभ्यासकांचे मत आहे. विसाव्या शतकात पुरुषांच्या केसांवर तेल, मेण आणि पाणी यांच्या मिश्रणांचे राज्य होते. १९२८ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे तयार झालेले ब्रिलक्रीम त्यांत अग्रभागी होते आणि मुंबईचे यष्टिरक्षक फारूख इंजिनिअर यांच्या जाहिरातींमुळे भारतीय क्रिकेटरसिकांनाही ते परिचित झाले. या मिश्रणांची पकड तेलामेणाच्या चिकटपणावर अवलंबून असे, त्यामुळे केस दबत, चमकत, पण त्यांचे वळण झाकले जाई. पाण्यात विरघळणाऱ्या बहुवारिकांची उपलब्धता वाढल्यावरच केस न दडपता त्यांचा आकार धरणारी पारदर्शक जेल शक्य झाली. भारतात या गटातील ठळक नाव असलेले 'सेट वेट' २०१२पासून मुंबईच्या मॅरिको कंपनीकडे आहे.

कुरळ्या केसांसाठी घट्ट जेल वापरण्याच्या पद्धतीचे खरे माहेर मात्र अमेरिका आहे आणि तिला घडवण्यात कृष्णवर्णीय स्त्रियांचा वाटा सर्वांत मोठा आहे. त्या समाजातील स्त्रियांवर केस सरळ करण्याचे सामाजिक दडपण पिढ्यान्‌पिढ्या होते. तापवलेले लोखंडी कंगवे आणि टाळू भाजणारी अल्कलीयुक्त रसायने यांचा वापर नोकरी, शाळा आणि प्रतिष्ठा यांच्याशी जोडलेला होता. १९६०च्या दशकात नागरी हक्कांच्या चळवळीबरोबर 'ॲफ्रो' केशरचना अभिमानाची खूण बनली आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत नैसर्गिक केस राखण्याची चळवळ पुन्हा जोमाने उभी राहिली. 'वॉश अँड गो', म्हणजे केस धुऊन, ओल्या केसांत भरपूर जेल लावून आणि वाळवून थेट बाहेर पडण्याची रीत याच काळात सर्वत्र पसरली. केसांवरून होणाऱ्या भेदभावाला प्रतिबंध करणारा 'क्राऊन ॲक्ट' हा कायदा २०१९ साली अमेरिकेतील राज्यांत सर्वप्रथम कॅलिफोर्नियाने केला, यावरून या प्रश्नाला केवळ सौंदर्याची बाजू नव्हती हे स्पष्ट होते.

त्याआधीच दोन नावांनी कुरळ्या केसांच्या चर्चेला परिभाषा दिली होती. ओप्रा विन्फ्री यांचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी १९९०च्या दशकात केसांची चार गटांत विभागणी केली: पहिला सरळ, दुसरा लाटदार, तिसरा कुरळा आणि चौथा अतिशय बारीक वळणांचा, पुढे त्यात क, ख, ग अशा धर्तीचे उपगट पडले. न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या ब्रिटिश वंशाच्या लोरेन मॅसी यांनी या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या पुस्तकातून कडक शाम्पू आणि सिलिकॉन टाळून कंडिशनर आणि जेल यांवर भर देणारी 'कर्ली गर्ल' पद्धत मांडली. भारतात, आणि अर्थातच महाराष्ट्रातील शहरांतही, समाजमाध्यमांवरून जी पद्धत पोहोचली ती मुख्यतः या दोन प्रवाहांच्या संगमातून आलेली आहे. जिथे कुरळ्या केसांना तेल चापडून घट्ट वेणी घालणे किंवा पार्लरमध्ये जाऊन ते सरळ करून घेणे हेच दोन मार्ग मानले जात, तिथे वळण राखण्याचा तिसरा मार्ग तिने दाखवला.

ओल्या केसांवरची कृती

जेल लावण्याची तयारी न्हाणीघरातच सुरू होते. शाम्पूने टाळू स्वच्छ करून केसांच्या लांबीला कंडिशनर लावल्यावर, तो केसांत असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने किंवा बोटांनी गुंता सोडवावा लागतो, कारण जेल लागल्यावर किंवा केस वाळल्यावर कंगवा फिरवला तर जुळलेल्या बटा फुटतात. त्यानंतर केस टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी पंचा किंवा जुना सुती टी-शर्ट यांनी केवळ टिपून घेतात. खरखरीत टॉवेलने क्यूटिकलचे खवले उचकटतात आणि केस तिथूनच पिंजारायला लागतात. अनेक जण टिपणेही जेल लावून झाल्यावरच करतात, जेणेकरून जेल लागताना केस चिंब राहतील.

केसांचे चार ते सहा भाग करून प्रत्येक भागाला वेगळे जेल लावणे इष्ट असते. रुपयाच्या नाण्याएवढे जेल दोन्ही तळहातांवर पसरून, हात जोडल्यासारखे करून त्यांच्यामधून केसांचा भाग वरून खाली ओढून घेतला की वरचा थर समान भिजतो. त्यानंतर बोटे पसरून ती केसांतून फिरवली की जेल आतल्या केसांपर्यंत जाते. पुरेसे जेल आणि पुरेसे पाणी एकत्र आले आहे याची खूण म्हणजे केस मुठीत घेऊन वर दाबताना ओल्या फडक्यासारखा पचपच आवाज येतो आणि बट सुटी न होता एकसंध राहते. हा आवाज न आल्यास जेल वाढवण्याआधी पाण्याचा हबका मारून पाहावा, कारण बहुतेक वेळा उणीव पाण्याची असते. चौथ्या गटातील अतिशय बारीक वळणांचे केस वाळताना खूप आखडतात, म्हणून ते लहान लहान भागांत हलके ताणून जेल लावतात. दुसऱ्या गटातील बारीक, लाटदार केस मात्र जादा वजनाने सपाट पडतात, म्हणून तिथे थोडे जेल आणि अधिक वेळा मुठीने दाबणे हे प्रमाण साधावे लागते.

यानंतरचा टप्पा काहीही न करण्याचा आहे आणि अनेकांना तोच सर्वांत कठीण जातो. केस आपोआप वाळू द्यावेत, अथवा ड्रायरच्या तोंडाशी डिफ्यूझर, म्हणजे वारा सर्वत्र पसरवणारी जाळीदार वाटी, लावून मंद वाऱ्यावर वाळवावेत. परंतु मधल्या काळात हात लावला तर अर्धवट धरलेला पापुद्रा तुटतो आणि हायड्रोजन बंध विस्कटलेल्या आकारात जुळतात. पूर्ण वाळल्यावर केस ताठ, चकचकीत आणि किंचित कुरकुरीत लागतात. या अवस्थेला 'कास्ट' म्हणतात, आणि अनेक जण याच टप्प्यावर निराश होऊन केस पुन्हा धुऊन टाकतात. वास्तविक हे कवच म्हणजे काम नीट झाल्याची पावती असते. कोरड्या हातांनी, हवे तर तळहातावर तेलाचे दोन थेंब चोळून, केस टोकांकडून मुठीत दाबत गेले की केसाकेसांना जोडणारे पापुद्र्याचे पूल मोडतात, ताठपणा जातो आणि बटांचा आकार राहतो. कवच मोडण्याआधी केस खरोखरच वाळले आहेत याची खात्री मुळांशी बोट लावून करावी, कारण वरचे केस वाळले तरी मुळांशी ओल राहते आणि त्या ओलीमुळे मोडलेली बट पुन्हा जुळत नाही.

फसगतीची कारणे

जेल लावल्यावर केसांत पांढरा भुगा पडतो, ही नेहमीची तक्रार आहे आणि तो अनेकदा कोंडा समजला जातो. याची एक शक्यता अशी की जेल प्रमाणाबाहेर लागले असून जाड पापुद्रा कवच मोडताना चुरडला गेला. दुसरी शक्यता अधिक सूक्ष्म आहे. धुऊन न टाकायच्या कंडिशनरमध्ये बहुधा धनभाराची द्रव्ये असतात आणि कार्बोमरच्या साखळ्यांवर ऋणभार असतो. हे दोन्ही एकत्र आले की परस्परांना धरून त्यांचा साका होतो. म्हणून दोन्ही उत्पादने डोक्यावर एकत्र लावण्यापूर्वी हाताच्या पाठीवर थोडी थोडी घेऊन मिसळून पाहावीत: मिश्रण एकजीव राहिले तर चिंता नाही, दाणे किंवा पांढरे गोळे दिसले तर त्या दोघांची जोडी जमणार नाही. बोअरवेलच्या जड पाण्यातील कॅल्शियमही अशाच कारणाने जेलचे जाळे बिघडवते, शिवाय केसांवर क्षारांचा थर चढवते.

हवामानाचा हिशेबही महत्त्वाचा आहे. ग्लिसरीनसारखे द्रव्य हवेतले पाणी ओढून घेत असल्याने मध्यम आर्द्रतेत ते केस मऊ ठेवते. पण पावसाळ्यात मुंबई आणि कोकण किनाऱ्यावर सापेक्ष आर्द्रता बहुतांश काळ ८० टक्क्यांहून अधिक असते, तेव्हा घटकांच्या यादीत ग्लिसरीन वरच्या क्रमांकावर असलेले जेल पाणी ओढतच राहते, पापुद्रा मऊ होतो आणि केस फुगतात. उलट नागपूरच्या मे महिन्यातील दुपारी, जेव्हा आर्द्रता २५ टक्क्यांच्याही खाली उतरते, तेव्हा ओढून घ्यायला हवेत पाणीच नसते. अशा वेळी पकडीपेक्षा कंडिशनरचा ओलावा अधिक उपयोगी ठरतो. एकाच बाटलीविषयी एका गावात स्तुती आणि दुसऱ्या गावात तक्रार ऐकू येते, त्यामागे बरेचदा हाच फरक असतो. लेबलवरील घटक साधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असल्याने ग्लिसरीन आधी येते की पापुद्रा धरणारे बहुवारिक, एवढे पाहिले तरी निवड सोपी होते.

जवसाचा पर्याय

विकतच्या जेलला पर्याय म्हणून सुचवले जाणारे जवसाचे, म्हणजेच अळशीचे, जेल मराठी वाचकांना विशेष जवळचे वाटेल, कारण हे तेलबी पीक विदर्भ आणि मराठवाड्यात पूर्वापार पिकते आणि त्याची चटणी घरोघरी होते. जवसाच्या टरफलात बुळबुळीत शर्करा-बहुवारिके असतात. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात ढवळत उकळले की सात-आठ मिनिटांत पाण्याला अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार येते, आणि ते गरम असतानाच गाळावे लागते, कारण थंड झाल्यावर तो बुळबुळीत भाग फडक्यातून उतरत नाही. या जेलने केस मऊ राहतात आणि लाटदार केसांना ते पुरेसेही पडते, परंतु त्याचा पापुद्रा पाण्याला लवकर दाद देतो, त्यामुळे पावसाळी हवेत त्याच्याकडून घट्ट पकडीची अपेक्षा करता येत नाही. शिवाय त्यात परिरक्षक, म्हणजे खराब होण्यापासून वाचवणारे द्रव्य, नसल्याने ते फ्रीजमध्येच ठेवून आठवडाभरात संपवावे आणि वास बदलताच टाकून द्यावे. घरगुती म्हणजे निर्धोक, हे गृहीतक इथे चालत नाही.

मर्यादा आणि विवेक

घट्ट जेलमुळे केस गळतात, हा समज सरसकट खरा नाही. जेल केसाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर राहते आणि केस उगवण्याची जागा त्वचेखाली असते. धोका असतो तो जेलच्या साहाय्याने केस रोजच्या रोज कपाळापासून घट्ट ओढून बांधण्यात. अशा सततच्या ताणाने रोमकूप दुबळे होतात आणि कपाळाच्या व कानशिलांच्या कडेने केस विरळ होत जातात. डॉक्टर याला ताणजन्य केसगळती म्हणतात आणि ती दीर्घकाळ चालू राहिली तर कायमची होऊ शकते. परिरक्षके आणि सुगंधी द्रव्ये यांची काहींना ॲलर्जी असते, म्हणून नवे जेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहणे आणि ते टाळूवर न चोळता केसांच्या लांबीलाच लावणे श्रेयस्कर असते. जेलचे थरावर थर साचू दिले तर केस निस्तेज आणि चिकट होतात. पीव्हीपी पाण्याने निघते, पण ॲक्रिलेट गटातील द्रव्ये काढायला अधूनमधून शाम्पू लागतोच, मग पद्धत कोणतीही असो.

उष्णतेने किंवा रसायनांनी जळालेल्या केसांत क्यूटिकलच फाटलेले असते, आणि तिथे कितीही घट्ट जेल लावले तरी वळण परत येत नाही. अशा केसांना कात्री लावून नवा केस वाढण्याची वाट पाहावी लागते, आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो हे लक्षात घेता ती वाट वर्षांच्या हिशेबाने मोजावी लागते. म्हणून कुरळ्या केसांवर खर्च करू इच्छिणाऱ्याने आधी चांगला कंडिशनर आणि वळण ओळखून केस कापणारा कारागीर यांना अग्रक्रम द्यावा. जेलचा क्रमांक त्यानंतर येतो. ते विकत घेतल्यावर पहिल्याच दिवशी त्याचा निवाडा करू नये, तर एकदा कोरड्या आणि एकदा दमट दिवशी, दरवेळी केस चिंब असताना लावून आणि कवच मोडल्यानंतर संध्याकाळपर्यंत बटा किती टिकल्या ते पाहून करावा. त्या कसोटीला उतरलेले स्वस्त जेल, न उतरलेल्या महाग जेलपेक्षा निश्चितच अधिक चांगले समजावे.